बदलून बघू...

"गाडी देऊन टाकतोय. सोमवारी माणूस येणार आहे न्यायला."

शुक्रवारी रात्री बाबांचा फोन. आवाज एकदम सपाट. आमच्याकडे असा आवाज फक्त दोन वेळा लागतो. एक, भारत हरल्यावर आणि दोन, बाबांनी एखादी गोष्ट मनाविरुद्ध ठरवून टाकल्यावर. त्या दिवशी मॅच नव्हती.

गाडी म्हणजे आमची १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसी, कार्ब्युरेटरवाली, रंग मूळचा पांढरा (हल्ली बदाम). मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या रस्त्यावरून गेल्या तेव्हा बाबांनी ती बातमी कापून फ्रीजवर लावली होती आणि खाली पेनाने लिहिलं होतं, "आपली आहे." त्यामुळे भंगारात देतोय हे वाक्य त्यांच्या तोंडी येणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. आणि त्यात थोडा हात माझाही होता, हेही कळत होतं. त्याबद्दलच आज लिहायचंय.

घडलं ते असं. महिन्यापूर्वी बाबा मंडईतून येताना गाडी बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, बॅटरी ठणठणीत, पेट्रोल येतंय, पण इंजिन काही उचलत नव्हतं. चार पोरांनी ढकलून घरी आणली. आमचे नेहमीचे मिस्त्री बाहेरगावी होते. मग जवळच्या एका गॅरेजमधून एक मुलगा आला. त्याने प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. निदान बरोबर होतं. इथपर्यंत सगळं ठीक. आणि मग त्याने ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं.

"काका, प्लग बदलून बघू."

प्लग बदलले. काही नाही. "कंडेन्सर बदलून बघू." बदलला. "सीबी पॉइंट बदलून बघू." "कॉइल गेली असणार." चार दिवसांत चार वस्तू आणि ४,३०० रुपये झाले. ठिणगी काही पडली नाही, फक्त बाबांच्या आणि आईच्या संवादात पडत राहिली.

मग वीकेंडला प्रस्तुत लेखक पोचले. हातात डिजिटल मल्टिमीटर, डोक्यात इंजिनिअरिंगची पदवी आणि चेहऱ्यावर 'आता बघा कसं पद्धतशीर शोधतो ते' असा भाव. माझं पद्धतशीर शोधणं कसं होतं ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे.

त्याआधी, ज्यांनी आयुष्यात फक्त बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या पाहिल्यात त्यांच्यासाठी दोन मिनिटं थिअरी. जुन्या पेट्रोल गाडीतली ठिणगीची व्यवस्था मुळात चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास बसवून दिलेली. बॅटरीतून वायर इग्निशन स्विचला, तिथून कॉइलच्या प्लसला. कॉइलच्या मायनसमधून वायर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला. पॉइंट म्हणजे एक चिमुकला स्विच, जो इंजिन फिरतं तसा उघडतो-मिटतो. मिटलेला असताना करंट कॉइलमधून जाऊन बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की करंट अचानक तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या वायंडिंगमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. तो रोटरमार्फत ज्याच्या त्याच्या प्लगला जातो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. शंभर वेळा! आणि सगळं एका मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी उघडणाऱ्या एका फटीवर. मला हे अजूनही थोर वाटतं.

तर ठिणगी नाही म्हणजे या साखळीत कुठेतरी खोट आहे. मी कॉइलच्या प्लसवरची वायर काढली, चावी फिरवली, वायरच्या टोकाला मीटरची एक पिन लावली, दुसरी बॉडीला. १२.४ व्होल्ट! म्हणजे कॉइलपर्यंत वीज येतेय. वायरिंग निर्दोष. कॉइल नवी, कंडेन्सर नवा, पॉइंट नवे, प्लग नवे. मग राहिलं काय? डिस्ट्रिब्युटर. आणि डिस्ट्रिब्युटरला शेवटचा हात कोणी लावला होता? गाडी बंद पडायच्या पंधरा दिवस आधी मिस्त्रींनी! पॉइंट घासून, गॅप सेट करून दिला होता त्यांनी.

कसं बिनतोड लॉजिक आहे बघा. मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे मिस्त्रींना फोन लावला. ते अजून गावीच होते. मी काय बोललो ते शब्दशः लिहायची माझी हिंमत नाही. सारांश असा, की "तुम्ही हात लावलात आणि गाडी बिघडली, वीस वर्षं बाबा तुमच्याकडे येतात, निदान झाकण लावताना नीट बघायचं तरी." पलीकडे जरा शांतता. मग ते एवढंच म्हणाले, "मी आलो की बघतो साहेब."

'साहेब' हा शब्द त्यांनी मला आधी कधी वापरला नव्हता. मी शाळेत असल्यापासून ते मला एकेरीच हाक मारायचे.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी काही न बोलता बॉनेट बंद केलं. पुढच्या आठवड्यात मी पुण्यातून एक जुना पण चालू डिस्ट्रिब्युटर मिळवून पाठवला, गॅरेजवाल्या मुलाने तो बसवला आणि गाडी तश्शीच. त्यानंतर आला तो शुक्रवारचा फोन.

शनिवारी सकाळी मी घरी पोचलो तर अंगणात मिस्त्री. आईने परस्पर निरोप धाडला होता. मी "नमस्कार" म्हटलं, त्यांनी मान हलवली. बस्स. त्यांच्याजवळ हत्यारांची पेटीसुद्धा नव्हती, एक कापडी पिशवी होती फक्त.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे बाबांना विचारलं, "बंद कशी पडली? गचके देत देत, की एकदम?"

बाबा म्हणाले, "एकदम. पण त्याच्या आधी महिनाभर कधीकधी स्पीडब्रेकरवर एक गचका द्यायची आणि परत नीट चालायची. मला वाटलं पेट्रोलमध्ये कचरा असेल."

हे वाक्य मी तोवर ऐकलंच नव्हतं! ऐकणार कसं, मी विचारलंच नव्हतं. गॅरेजच्या मुलाने विचारलं नव्हतं. जो माणूस अठ्ठावीस-तीस वर्षं ही गाडी चालवतोय, त्याला आम्ही दोघांनी मिळून फक्त दोन प्रश्न विचारले होते. चावी कुठेय आणि बिल कोणाच्या नावाने करू. लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्यांना ऑफिसात मी काय काय बोलतो, ते आठवून घाम आला.

"धक्का बसला की जायचं आणि परत यायचं," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, "वायर आहे कुठेतरी."

मी तत्परतेने सांगितलं की वायर मी तपासली आहे, १२.४ व्होल्ट येताहेत. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर इंडिकेटरचा एक साधा बल्ब, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या, एकीला चिमटा, दुसरीला सुई. एक टोक बॉडीला, दुसरं आधी बॅटरीच्या प्लसला लावलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे आधी लॅम्प चालू आहे आणि अर्थ चांगली आहे, हे नक्की केलं. मग ते टोक कॉइलच्या प्लसला. चावी ऑन.

बल्ब पेटला. पण कसा? देवघरात वात विझायला आल्यावर दिसते ना, तसा. लालसर, मलूल.

"हे तुमचे बारा व्होल्ट," मिस्त्री म्हणाले.

मी मीटर आणला. आता कॉइलची वायर जागेवर, पॉइंट मिटलेले, म्हणजे कॉइल प्रत्यक्ष करंट ओढतेय. अशा अवस्थेत प्लसवर मोजलं. ३.१ व्होल्ट. वायर काढून नुसती मोजली, १२.४. परत जोडली, ३.१. दोन-तीनदा केलं. मीटर बिघडला असावा अशी मनापासून इच्छा होती. नव्हता बिघडला.

कारण सोपं आहे, नववीच्या पुस्तकातलं ओहम साहेबांचं. अशा कॉइलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहम. म्हणजे बारा व्होल्टला ४ अँपिअर करंट जायला हवा. समजा वाटेत एखादा सांधा गंजलाय आणि त्याने ९ ओहमचा अडथळा उभा केलाय. आता एकूण १२ ओहम, करंट उरला १ अँपिअर, आणि कॉइलच्या वाट्याला आले ३ व्होल्ट. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे करंट पावपट झाला तर ऊर्जा सोळावा हिस्सा. त्यात सेल्फ मारताना बॅटरीही दबते. कुठून पडणार ठिणगी?

आणि माझ्या मीटरला हे का नाही दिसलं? कारण डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो १० मेगाओहमच्या घरात. त्याच्यापुढे ९ ओहमचा अडथळा म्हणजे किस झाड की पत्ती. मीटरने मला खोटं सांगितलं नाही हो. त्याने अगदी खरं उत्तर दिलं, पण मी विचारलेल्या चुकीच्या प्रश्नाचं. मी विचारलं होतं, "वीज पोचते का?" विचारायला हवं होतं, "काम करायची वेळ आली की वीज पुरते का?" वीस रुपयांचा बल्ब दुसरा प्रश्न विचारतो, कारण तो स्वतः दोनेक अँपिअर मागतो. (म्हणूनच हल्ली मिळणारा एलईडीचा टेस्टर या कामाला उपयोगाचा नाही. तोही मीटरसारखाच अल्पाहारी.)

पुढचं मिस्त्रींनी ज्या क्रमाने केलं, तो क्रम मी आता आमच्या टीमला शिकवणार आहे. डॅशबोर्ड उघडायला घेतला नाही. आधी पिशवीतून एक जाड वायर काढली आणि बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलच्या प्लसला जोडली. म्हणजे स्विच आणि मधली सगळी वायर बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आता माझा डिस्ट्रिब्युटर मला परत बसवू द्या." माझा पुण्याहून आलेला काढला, जुना बसवला, त्याच टेस्ट लॅम्पने पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघत टायमिंग लावलं. आणि बाबांना म्हणाले, "मारा सेल्फ."

दुसऱ्या सेल्फला इंजिन उचललं. महिनाभराने. बाबांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला.

(घरी करून बघणाऱ्यांसाठी: अशी डायरेक्ट वायर जोडली की चावीने इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते, आणि ती तशीच ठेवून द्यायची नसते, कॉइल तापून जाते. काही गाड्यांत कॉइलच्या आधी मुद्दाम रेझिस्टर दिलेला असतो, तिथे तर हे क्षणभरच. प्लगची ठिणगी बघताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको आणि हातात उघडी वायर नको. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत प्लगची वायर ओढून ठिणगी बघायचा जुना खेळ करू नका, मॉड्युल जाऊ शकतो. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो.)

आता सिद्ध झालं होतं की कॉइलपासून प्लगपर्यंत सगळं ठीक, दोष स्विच ते कॉइल या टप्प्यात. मग लॅम्प इग्निशन स्विचच्या मागे लावला. लख्ख. म्हणजे स्विच निर्दोष. राहिली फक्त मधली तीन-चार फूट वायर. डॅशखाली हात घालून मिस्त्री वायर चाचपत गेले आणि एका जागी थांबले. "हात लाव," मला म्हणाले.

गरम होती. काळ्या टेपचा एक गुंडाळा, तपकिरी पडलेला. उलगडला तर आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या, डाग नाही की थिंबल नाही. तांबं हिरवं पडलेलं, दहा-बारा तारांपैकी दोन-तीनच धड.

ही जोडणी गाडीच्या मूळ वायरिंगमधली नव्हतीच. २००४ च्या सुमारास बाबांनी हौसेने सिक्युरिटी अलार्म बसवून घेतला होता. मांजर बॉनेटवर बसलं तरी रात्री दोन वाजता अख्ख्या आळीला उठवायचा. चोर गाडी सुरू करू नये म्हणून तो इग्निशनची वायर मध्ये तोडून आपल्या रिलेतून नेतो. वर्षभरात शेजाऱ्यांनी तक्रार केली, बाबांनी अलार्म काढायला लावला, आणि ज्याने कोणी काढला त्याने तुटलेली वायर पिळून, टेप गुंडाळून दिली. वीस वर्षं ती पिळलेली तार दमट हवा आणि हादरे सहन करत टिकली. आम्हाला अलार्म होता हेही आठवत नव्हतं. कुठल्याही जुन्या सिस्टिममध्ये काम केलेल्या माणसाला हे ऐकून शहारा यायला हवा. फीचर काढून टाकलं, ज्याला मागितलं होतं तो विसरला, पण त्यासाठी केलेली तोडफोड प्रॉडक्शनमध्ये तशीच धावत राहिली!

वायर दोन्हीकडून मागे कापली, तांबं चकचकीत घासलं, जोडून डाग दिला, वर स्लीव्ह. एकूण काम, टायमिंगसकट, दीड तास. "किती द्यायचे?" बाबांनी विचारलं. "दोनशे द्या," मिस्त्री म्हणाले.

आणि इथे माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

'बदलून बघू' ही आपल्याकडची राष्ट्रीय निदानपद्धती झाली आहे, हे तर उघडच आहे. गाडीचं सोडा, वॉशिंग मशीनचं 'कार्ड बदलून बघू', नळाचा 'वॉशर बदलून बघू', सर्व्हर 'रीस्टार्ट करून बघू'. पण याचा दोष आपण कारागिरांवर टाकून मोकळे होतो, ते मला पटत नाही. हिशोब बघा. ज्याने काही शोधलं नाही त्याला आम्ही ४,३०० रुपये दिले, कारण त्याच्या बिलावर वस्तूंची नावं होती. ज्याने शोधलं त्याला दोनशे, कारण त्याच्या बिलावर लिहायला काहीच नव्हतं. अर्धा फूट टेप? दीड तास विचार केल्याचे पैसे मागितले असते तर आपणच म्हणालो असतो, "काय केलंत एवढं? एक वायर तर जोडली." जी गोष्ट आपण विकत घेत नाही ती बाजारात कशी मिळेल? आपण पार्टचे पैसे देतो म्हणून आपल्याला पार्ट मिळतात. आणि हे म्हणणारे आपण कोण, तर ताशी दराने 'ॲनालिसिस'चे डॉलर बिल करणारी मंडळी!

नव्या गाड्यांमध्ये तर हे जास्त महाग पडतं. तिथे पॉइंट नाहीत, क्रँक सेन्सर आहे. तो इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगतो, आणि त्याचा सिग्नल गेला तर संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही फवारत नाही. स्कॅनर लावला की पी०३३५ असा कोड येतो. त्याचा अर्थ 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष'. सर्किटमध्ये! सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, अर्थ, सगळंच. पण वाचणारा वाचतो 'सेन्सर गेला'. सेन्सर बदलला जातो आणि पिवळा दिवा तसाच. स्कॅनर कुठे बघायचं ते सांगतो. बघायचं आपल्यालाच असतं.

कोणी म्हणेल, बदलून बघणं कधीच चूक नसतं का? तसं नाही म्हणत मी. हातात खात्रीचा चालू पार्ट आहे, बदलायला पाच मिनिटं लागतात, 'बदलल्यावर अमुक झालं तर दोष इथे, नाही झालं तर तिथे' हे आधी ठरवलंय, आणि फरक पडला नाही तर जुना पार्ट परत लावायचाय, तर तो चक्क प्रयोग आहे. मिस्त्रींनी लावलेली डायरेक्ट वायर हा तसाच प्रयोग होता. एका वेळी एक गोष्ट, आणि परत फिरायची वाट मोकळी. आमच्या गॅरेजवाल्या पोराने आणि मी मिळून पाच गोष्टी बदलल्या, एकही परत लावली नाही. शेवटी मूळ दोषावर टायमिंगचा आणखी एक दोष चढवून ठेवला.

पण खरं सांगू का, पैसे आणि वेळ ही यातली लहान बाब आहे. 'बदलून बघू'चा एक प्रकार याहून वाईट आहे. त्यात आपण वस्तू नाही, माणूस बदलून बघतो. म्हणजे आधी दोषी ठरवतो. आणि कोणाला? ज्याने शेवटचा हात लावला त्याला. मिस्त्रींनी पंधरा दिवस आधी पॉइंट घासले, गाडी नंतर बंद पडली, म्हणून मिस्त्री. कावळा बसला आणि फांदी मोडली, ही म्हण आपल्याकडे कधीपासून आहे. तरी आपण कावळ्यालाच जाब विचारतो.

हे मी फक्त मिस्त्रींसोबत केलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात आमची एक सर्व्हिस रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी मान टाकायची. टीममधल्या एका नव्या मुलाचा बदल दोन दिवस आधी गेला होता. मी हेल्थ चेक बघितला, हिरवागार. म्हणजे सिस्टिम ठीक, मग दोष कोडचा. मी त्याचा बदल मागे घ्यायला लावला आणि एक मेल टाकली, 'टेस्टिंग नीट न झाल्याने'. सीसीत सहा माणसं. तीन दिवसांनी कळलं की गर्दीच्या वेळी डेटाबेसची कनेक्शन्स पुरत नव्हती, त्याचा याच्या बदलाशी काही संबंध नव्हता. आणि आमचा हेल्थ चेक? तो डेटाबेसला हातच लावत नव्हता. 'जिवंत आहेस का?' 'आहे.' एवढंच. वायर काढून मोजलेले बारा व्होल्ट!

आम्ही कनेक्शन्स वाढवली, हेल्थ चेक सुधारला, बदल परत आत गेला. सगळं दुरुस्त झालं. फक्त ती मेल तशीच राहिली. त्या मुलाने कधी विषय काढला नाही. तो हल्ली मीटिंगमध्ये फारसं बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचं कारणही मी आपल्या पद्धतीने शोधून ठेवलं होतं, 'स्वभावच शांत असेल'.

शनिवारी दुपारी मिस्त्री निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मी फार चुकीचं बोललो. तुमचा काही संबंध नव्हता." ते थोडा वेळ पिशवीचा बंद नीट करत राहिले. मग म्हणाले, "पॉइंट मी घासले होते हे खरंय. मलाही दोन रात्री वाटत होतं, आपलंच काही चुकलं का." आणि निघाले.

दोन रात्री. साठीच्या पुढचा, अर्धं आयुष्य या गाड्यांत घालवलेला माणूस, माझ्या एका अर्धवट रीडिंगमुळे दोन रात्री स्वतःवर शंका घेत होता. ४,३०० रुपयांचा हिशोब मांडता येतो. या दोन रात्रींचा कुठल्या बिलात मांडायचा?

तेव्हा मंडळी, माझ्यापुरते तीन नियम मी ठरवलेत. तुम्हीही बघा पटतात का. एक, मोजल्याशिवाय बदलायचं नाही, आणि मोजायचं ते काम चालू असताना, भार असताना. निवांत बसलेली कुठलीही सिस्टिम १२.४ व्होल्टच दाखवते. दोन, जो रोज वापरतो त्याला आधी विचारायचं, "कसं बंद पडलं?" तीन, जो शोधून देतो त्याला शोधण्याचे पैसे द्यायचे, वस्तू लागो न लागो. बाबांनी मिस्त्रींना किती दिले ते मी सांगणार नाही, पण दोनशे नक्कीच नाही.

सोमवारी भंगारवाला आला होता. बाबांनी त्याला चहा पाजला, गाडीतून एक चक्कर मारून आणली आणि परत पाठवला. रिकाम्या हाती तरी कसा म्हणू, माझा पुण्याहून आलेला डिस्ट्रिब्युटर त्याला देऊन टाकला.

ती मेल मात्र मी रविवारी रात्री लिहिली. नवी नाही, जुन्याच मेलला 'रिप्लाय ऑल' करून. सीसीत तीच सहा माणसं. तीन ओळी लिहायला पाऊण तास लागला, पॉइंटचा गॅप लावायला मिस्त्रींना पाच मिनिटं लागली होती. असो.